चर्चचा माईक आणि शांतवनबाबांची प्रार्थना

मी एक जुना माईक आहे. पुणतांब्याजवळच्या एका लहान गावातल्या चर्चमध्ये माझा मुक्काम असतो. माझ्या जाळीला एका बाजूने पोचा आला आहे, वायरीला काळी चिकटपट्टी गुंडाळली आहे. पण आवाज विचाराल तर अजून खणखणीत! मागच्या नाताळात नगरहून एक चकचकीत बिनवायरीचा माईक आणला होता. ऐन गाण्यात त्याचा सेल संपला. मग धावपळ करून कोणाला बाहेर काढलं? मलाच.

मित्रांनो, माझा जन्म कारखान्यात झाला. माझ्या पोटात एक पातळ पडदा आहे. समोर कोणी बोललं की तो थरथरतो आणि माझं काम सुरू होतं. शब्द हेच माझं जेवण. ते मला पोटभर मिळालं शांतवनबाबांकडून.

शांतवनबाबा साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. दर रविवारी चर्चमध्ये सगळ्या मंडळीच्या वतीने प्रार्थना तेच करायचे. "हे परमकृपाळू, सर्वसमर्थ, अनंतकाळच्या पित्या" अशी सुरुवात व्हायची. मग राज्यकर्ते, पाऊसपाणी, आजारी, प्रवासी, कोणी म्हणजे कोणी सुटायचं नाही. मला तर मेजवानीच असायची. पण त्यामुळे एक झालं. दुसऱ्या कोणापुढे मला धरलं की तो हात झटकायचा आणि म्हणायचा, "आमाला न्हाई बा एवढे शबूद येत." यात सगळ्यांत पुढे होत्या बाबांच्या पत्नी, साळूबाई. घरच्या संध्याकाळच्या प्रार्थनेतही त्या फक्त 'आमेन' म्हणायच्या.

मग बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, काठी घेऊन ते चालू लागले. पण वाचा परत आली नाही. चर्चमध्ये ते मागच्या बाकावर मान खाली घालून बसायचे आणि त्यांच्या जागी चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, प्रार्थना करू लागले की उठून बाहेर जायचे. मला फार वाईट वाटायचं.

एकदा उपासना संपल्यावर शब्बाथ शाळेची, म्हणजे मुलांच्या रविवारच्या वर्गाची, शिक्षिका ज्योती माझी वायर गुंडाळत होती. साळूबाई तिच्याजवळ आल्या. माझं बटण बंद होतं, पण कान उघडे होते.

"पोरी, घरातली प्रार्थनाच बंद पडली बघ. ह्यांना वाटतं, वाचा गेली म्हंजे देवानं दार लावून घेतलं. धड जेवत बी न्हाईत."

"मग तुम्ही करा ना, मावशी."

"मी? मला कुठं येतंय? ह्यांचे शबूद केवढे मोठे हुते! माझं असलं बोलणं देवाला चालंल व्हय?"

ज्योती म्हणाली, "रविवारी दोघं लवकर या. पोरांबरोबर बसा."

दोघं आले. ज्योतीने मला हातात घेतलं आणि बायबलच्या जुन्या करारातली माणसं एकेक करून समोर उभी केली. पापाने भरलेलं एक गाव देवाने नष्ट करू नये म्हणून अब्राहाम त्याच्याशी चक्क घासाघीस करत होता, पन्नास भली माणसं सापडली तर सोडशील का, चाळीस सापडली तर, दहा सापडली तर? लोकांना वाळवंटातून घेऊन निघालेला मोशे वैतागून म्हणत होता की एवढ्या लोकांचं ओझं मला एकट्याला झेपत नाही. योनाला तर प्रार्थनेला बसायला जागाही नव्हती. तो माशाच्या पोटात होता, तिथूनच त्याने देवाला हाक मारली.

साळूबाईंना हसू आलं. "म्हंजे देवापुढं कुरकुर केली तरी चालतं?"

"चालतं, मावशी. मनातलं असलं म्हणजे झालं."

शेवटी ज्योतीने हन्नाची गोष्ट सांगितली. मूलबाळ नाही म्हणून हन्ना मंदिरात रडत होती. ओठ हलत होते, आवाज मात्र नव्हता. तिथल्या याजकाला, म्हणजे पुजाऱ्याला, वाटलं ही प्यायली आहे, आणि तो तिच्यावर रागावला.

"याजकाला काही ऐकू आलं नाही," ज्योती म्हणाली, "देवाला सगळं ऐकू गेलं."

बाबांनी मान वर केली.

उपासनेत पाळकसाहेबांनी विचारलं, "आज प्रार्थना कोण करेल?" साळूबाई उठल्या. त्यांनी मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"देवा, मी साळू. मला मोठं बोलता येत न्हाई. हे तुझ्यावर रुसल्यात. त्यांची वाचा का गेली, ते तुलाच ठाव. पन तू ऐकतो, एवढं त्यांना कळू दे. मी लई दमले रे बाबा."

एवढ्यात बाबा काठी टेकत पुढे आले. त्यांनी डाव्या हाताने मला घेतलं. मी सवयीने शब्दांची वाट पाहू लागलो. शब्द आले नाहीत. त्यांचे ओठ हलत होते आणि श्वास येत होता, जड, खरखरीत, मधेच अडकणारा. मी तो श्वास सगळ्या चर्चभर पोचवला. ओठ थांबले तेव्हा साळूबाई मोठ्याने 'आमेन' म्हणाल्या आणि मागोमाग सगळी मंडळी म्हणाली.

त्या दिवशी बाबा घरी जाऊन पोटभर जेवले, असं साळूबाईंनी नंतर ज्योतीला सांगितलं. आता संध्याकाळी त्यांच्या घरी दोघंही प्रार्थना करतात. ती ऐकायला मी नसतो, आणि माझी तिथे गरजही नाही.

मित्रांनो, माईक नीट वापरा. वायर ओढू नका, जाळीवर टकटक करू नका, ओल्या जागी ठेवू नका. आणि कोणी माझ्यासमोर उभं राहिलं आणि त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही, तर घाईघाईने माझं बटण बंद करू नका.