बसखालचे पाय

"समोर बस थांबलीय. मास्तर, बाजूने काढते... नाही, थांबा. बसच्या खाली दोन पाय दिसतायत."

"कुठे चाललेत?"

"आपल्याच बाजूला."

"मग?"

"वेग कमी."

गाडी मंदावली. बसच्या पुढून एक बाई पिशवी सावरत बाहेर आली आणि गाडीकडे न बघताच पलीकडे निघून गेली. शिकाऊ पोलीस शिपाईबाईंनी सुस्कारा सोडला.

"सुस्कारा नंतर सोड," मास्तर म्हणाले. "आधी आरसा बघ."

पोलिसांच्या वाहनचालक शाळेत मास्तरांची हीच पद्धत होती. जे दिसेल ते मोठ्याने बोलायचं. तोंडातून आलं नाही ते डोळ्यांना दिसलंच नाही, असं धरायचं. घरून भाजी आणायला निघाले तरी ते पुटपुटत चालायचे.

दोन महिन्यांपूर्वी याच शाळेच्या दुसऱ्या गाडीखाली त्यांचे भावोजी गेले. तातडीला धावायचा सराव चालला होता, गाडी भरधाव होती. भोंगा वाजत नव्हता, कारण सराव म्हणजे खरी तातडी नव्हे. भावोजी दूध घेऊन घरी चालले होते.

असा सराव रस्त्यावर चालू ठेवावा की फक्त बंदिस्त मैदानावर करावा, हे ठरवायला समिती बसली होती. आज दुपारी मास्तरांचं मत विचारणार होते. त्याआधी ते ताईकडे गेले.

"जेवलास?"

"जेवलो."

"खोटं बोललास की तुझे कान हलतात. लहानपणापासूनचं आहे." तिने ताट वाढलं. तिने त्यांना दोन घास खाऊ दिले. मग म्हणाली, "काय सांगणार आहेस त्यांना?"

"ताई, मैदानावर प्लास्टिकचे शंकू असतात. शंकू मनात आलं म्हणून आडवा येत नाही."

"माणूस येतो."

"हो."

"म्हणजे तुमच्या पोरांना शिकायला आमची माणसं लागतात."

मास्तरांनी घास परत ताटात ठेवला. "रस्ता न शिकता ती खऱ्या कामाला निघाली, तर जास्त माणसं जातील गं."

"जास्त म्हणजे किती, ते मला नको सांगूस. माझं एकच होतं." तिने पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला. "तुला गाडी ह्यांनीच शिकवली. ह्याच रस्त्यावर. दुसऱ्या गिअरच्या पुढे जाऊ द्यायचे नाहीत."

दाराशी भावोजींच्या चपला अजून तशाच होत्या. मास्तरांनी आपल्या चपला त्यांना धक्का न लावता काढून घेतल्या.

समितीपुढे त्यांनी जे खरं वाटत होतं तेच सांगितलं. रस्त्याशिवाय चालक तयार होत नाही. पण सरावाच्या गाडीवर मोठा फलक हवा, भोंगा हवा आणि वस्तीत वेग नको. अध्यक्षांनी पहिलं वाक्य लिहून घेतलं. पुढची वाक्यं आली तेव्हा ते घड्याळ बघत होते.

बाहेर येऊन मास्तरांनी ताईला फोन केला. तिने सगळं ऐकलं. "बरं," म्हणाली आणि फोन ठेवला.

संध्याकाळी ते आपल्या जुन्या गाडीने घरी निघाले. ताईच्या गल्लीच्या तोंडाशी, पादचाऱ्यांच्या पट्ट्यांपाशी, ती कडेला उभी दिसली. मास्तरांनी बऱ्याच अलीकडे गाडी थांबवली. ताईने गाडी ओळखली. ती हलली नाही.

त्यांनी 'ये' म्हणून हात केला. ती तशीच उभी.

मागे कुणीतरी हॉर्न वाजवला. आणखी एकाने वाजवला. मास्तरांनी इंजिन बंद केलं. तरीही ती बघतच होती. तेव्हा त्यांनी किल्ली काढली आणि काचेतून दिसेल अशी समोर ठेवली.

मग ताई रस्त्यावर उतरली.

"डावीकडून एक बाई," मास्तर बोलू लागले. "एकटी. हातात दुधाची पिशवी. नजर समोर. अर्ध्यात आलीय."

ती पलीकडच्या फुटपाथवर चढेपर्यंत ते मोठ्याने बोलत राहिले. गाडीत ऐकायला कुणी नव्हतं.