उतरलेला बीपी

बाबांचा बीपी उतरला तेव्हा आमच्या घरात सगळ्यांना आनंदच झाला होता.

वीस वर्षं ते गोळी खात होते. शामराव मेश्राम, उरला गावातल्या रोलिंग मिलमध्ये पाण्याच्या लाइनवर फिटर. साखरेचा आजार होता, पोट सुटलेलं होतं. पण दारूला ते कधी शिवले नाहीत. बीरगांवच्या विहारात दर पौर्णिमेला पंचशील म्हणणारा माणूस.

निवृत्तीनंतर वर्षभरात त्यांना उठता-बसता चक्कर यायला लागली. मी मशीन लावलं. शंभर-साठ.

"गोळी बंद करा बाबा. तुमाले आता गरज नाही."

"सकाळी फिरून राहिलो ना, त्याचा असर," ते खूश होऊन म्हणाले.

मी नर्सिंग कॉलेजात औषधशास्त्र शिकवते. घरात माझा शब्द डॉक्टरचाच समजतात. त्यांचे तळहात लालबुंद दिसायचे. आई म्हणायची, "चेतना, पाह्य, अंगात रक्त भरून राहिलं." मीही हसून मान डोलवायची.

सात महिन्यांनी एका सकाळी पोहे खाता खाता ते मोरीकडे धावले आणि रक्त ओकले. तांब्याभर तरी असेल. दवाखान्यात दुर्बीण घालून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा बांधल्या. यकृत कडक होऊन गेलं होतं, सिरोसिस.

धाकटा भाऊ इंद्रजीत भिलाईहून आला, तो थेट खाटेपाशी. "बाबा, सच बताओ, छुपके पीते थे ना?"

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. डॉक्टर म्हणाले, दारू नाही, साखर आणि चरबीमुळे झालंय. इंद्रजीतनं ऐकलं; पण माफी मागितली नाही.

दुपारी बाबांनी मला जवळ बोलावलं. "मले समजत नाही पोट्टे. बीपी त उतरला होता. मंग शीर काहून फुटली?"

मी सांगायला लागले. शरीर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू बनवतं, त्यानं रक्तवाहिन्या सैल होतात. यकृत कडक झालं की आत तो कमी पडतो, तिथल्या वाहिन्या आवळतात. बाहेर, पोटातल्या वाहिन्यांत, तोच जास्त होतो. त्या ढिल्या पडतात, सगळ्या अंगाचा बीपी उतरतो. आणि यकृतात अडलेलं रक्त बारक्या शिरांत घुसतं.

"म्हणजे मेन लाइन जाम, अन् दाब बाजूच्या पाइपात."

"हव, बाबा."

"मंग बीपी उतरला, ते बिमारीनंच?"

"हव."

"तुले हे माहीत होतं?"

दर वर्षी मी हा धडा फळ्यावर चित्र काढून शिकवते. "होतं," मी म्हणाले. त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

गोळी थांबवली यात चूक नव्हती. बीपी आपोआप का उतरला, तळहात इतके लाल का, हे मी विचारलं नाही, ती चूक होती; दोन्ही यकृताच्याच खुणा होत्या. एक सोनोग्राफी केली असती तर सात महिने आधी औषध सुरू झालं असतं, शिरा आधीच बांधता आल्या असत्या.

संध्याकाळी इंद्रजीतनं सगळ्यांसमोर विचारलं, "बीपी की गोली किसने बंद की थी? डॉक्टर को दिखाया क्यों नहीं?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "मीच केली बंद. मीच म्हणलं, डॉक्टर नाही पाहिजे."

आणि मी उघडलेलं तोंड मिटलं.

त्यानंतर चार महिने इंद्रजीत फोनवर त्यांना झापत राहिला. खुद ही डॉक्टर बन गए, आता भोगा. बाबा ऐकून घ्यायचे. दुसऱ्यांदा शीर फुटली तेव्हा दवाखाना गाठेपर्यंत ते राहिले नाहीत.

पुण्यानुमोदनाला आलेल्या पाहुण्यांनाही इंद्रजीत तेच सांगत होता: हट्टी होते, ऐकायचे नाहीत. आई डोळे पुसत मान हलवत होती. लोक मला म्हणाले, पोरीनं लई सेवा केली.

महिन्याभरानं मी त्याला फोन करून खरं काय ते सांगितलं.

"दीदी, मैं चार महीने उन्हीं को सुनाता रहा," तो म्हणाला, "और तुम बगल में बैठी सुनती रही."

त्यानं फोन ठेवला. आता तो आईच्याच मोबाइलवर फोन करतो.