सखुबाई कंपनी बघायला जाते

ऑफिसच्या दारात उभी राहून सखुबाईने मॅनेजरकडे प्यायला पाणी मागितलं, आणि शेजारी उभ्या असलेल्या गणूला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

कल्याणची ती ट्रान्सपोर्ट कंपनी म्हणजे काही लहानसहान प्रकरण नव्हतं. आवारात नव्याकोऱ्या लॉऱ्या ओळीने उभ्या, रंगाचा वास अजून गेलेला नाही. थेट नाशिकपर्यंत कापडाच्या गाठी न्यायच्या. गणूच्या खिशात ताजं लायसन होतं. कळव्याच्या मिठागरात पिढ्या खपल्या त्या घरातला तो पहिलाच ड्रायव्हर, आणि एवढा बाप्या झालेला असून कंपनी ठरवायला आई बरोबर आलेली.

सखुबाईला त्यात काहीच वावगं दिसत नव्हतं. त्यांच्यात पोरगी द्यायची तर आधी वडीलधारे घर बघून येतात. गेल्या गेल्या पाणी मागतात. पाणी कोण आणतं, घरातली थोरली सून तोंड उघडून बोलते की भिंतीआडून बघते, हे सगळं घोट घेता घेता न्याहाळतात आणि मुकाट परत येतात. गणूचा बाप असता तर तोच निघाला असता. तो नाही, म्हणून ती निघाली. पोरगी असो की पोरगा, परक्याच्या दारात राबायला पाठवायचं तर घर बघायलाच हवं, असा तिचा सरळ हिशेब.

मॅनेजर हसला, पण माणूस वाईट नव्हता. त्याने लख्ख पितळी तांब्यातून पाणी मागवलं, वर चहाही सांगितला. गणूने आवारातून लॉरी फिरवून दाखवली आणि उलटी घेऊन भिंतीशी अशी लावली की बघणाऱ्यांनी माना डोलावल्या.

"झकास! सोमवारपासून ये," मॅनेजर म्हणाला. "नाशिकची गाडी देतो."

गणूला आभाळ ठेंगणं झालं.

"आनखी काय इचारायचं नाय?" सखुबाईने विचारलं.

"काय विचारायचं, बाई? लायसन आहे, हात चांगला आहे. ड्रायव्हरवाचून गाड्या उभ्या आहेत आमच्या."

सखुबाईने तांब्या खाली ठेवला. "बरं. सांगावा धाडू."

फाटकाबाहेर पाऊल पडतंय तोच गणू उसळला. "सांगावा कसला, आये? ते काय सोयरे हायत? नाशिकची गाडी देत व्हते, नाशिकची!"

"देत व्हते खरं."

"मग?"

"ह्ये घर नको."

एवढं बोलून ती दुसरी कंपनी बघायला ठाण्याच्या वाटेला लागली. गणू वाटभर धुमसत राहिला. आपल्या आईसारखी हट्टी बाई साऱ्या खाडीकाठी नसेल, असं त्याला मनापासून वाटत होतं.

ठाण्याच्या कंपनीचं आवार खाडीच्या अंगाला होतं. मालक त्र्यंबकराव, पूर्वी शाळेत गणित शिकवायचे. लॉऱ्या मोजक्याच, त्याही लष्कराने लिलावात काढलेल्या. माल विटा आणि कौलं. पाणी घेऊन आला तो इथला जुना ड्रायव्हर काळुराम, तोंडात पानाचा तोबरा आणि हातात पोचे पडलेला ॲल्युमिनियमचा पेला. सखुबाईच्या हातात पेला देऊन तो मालकाकडे वळला आणि क्लच किती दिवस रडतोय यावर त्याने त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. त्र्यंबकरावांनी निमूट ऐकलं आणि उद्या मिस्त्रीला बोलावतो म्हणाले. सखुबाई सावकाश पाणी पीत राहिली.

मग गणूची परीक्षा झाली. खाडीच्या पुलापर्यंत जाऊन लॉरी परत आली.

"चालवतो उत्तम," त्र्यंबकराव म्हणाले. "आता खोट सांगा. प्रत्येकात एखादी असतेच. आमच्या काळुरामला दिवेलागणीनंतर कमी दिसतं, म्हणून त्याच्या फेऱ्या दिवसाउजेडी. आधी कळलं की सोय लावता येते."

"माज्यात काय खोट नाय, शेट," गणू घाईने म्हणाला.

"हाय," सखुबाई म्हणाली. "उजव्या कानानं ह्याला आयकू येत नाय. ल्हानपनी गोवर आला त्यात गेला कान."

ड्रायव्हर बसतो उजवीकडे, आणि मागची गाडी भोंगा वाजवत पुढे जाते तीही उजवीकडूनच. लायसन देणाऱ्या साहेबाने डोळे तपासले होते, कानाचं कोणी विचारलं नव्हतं, त्यानेही सांगितलं नव्हतं. आणि आता जन्म देणाऱ्या आईनेच भर आवारात त्याच्या पोटावर पाय दिला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

त्र्यंबकराव लॉरीच्या उजव्या दाराशी जाऊन उभे राहिले.

"उजवीकडे मोठा आरसा लावावा लागेल," ते म्हणाले. "क्लीनर मागे बसेल. मागून गाडी आली की फळीवर थाप मारेल. आणि हे नीट जमतंय असं काळुराम म्हणेपर्यंत एकट्याने जायचं नाही. नाशिकबिशिक इथे नाही मिळणार. बघ, पटतंय का."

गणूने आईला बाजूला घेतलं. "कल्यानला का नाय सांगितलंस?"

"त्यांनी इचारलं कुठं? जो खोट इचारीत नाय, त्याला पोर नको आसतं, नुसते हात हवे आसतात." तिने पदर खोचला. "मी घर बघितलं. नांदायचं तुला हाय. कल्यानचं दार आजून उघडं हाय, जायचं तर जा."

गणू उभा राहिला. कल्याणला कानाचं कोणालाच ठाऊक नव्हतं. तिथे नवी गाडी होती, नाशिकचा रस्ता होता, आणि रोज सगळ्यांपासून लपवायचा हा कान होता. तो वळला आणि त्या जुन्या लॉरीत चढून बसला.

उजव्या दाराशी येऊन काळुराम पान चघळत काहीतरी म्हणाला. अशा वेळी गणू नेहमी हसायचा आणि मान डोलवायचा. आजवर सगळीकडे त्याने तसंच निभावून नेलं होतं. ओठांवर हसू आलंही होतं. ते त्याने गिळलं.

"काका, त्या बाजूनं या," तो म्हणाला. "ह्या कानानं मना आयकू येत नाय."

काळुराम कुरकुरत बॉनेटला वळसा घालून गेला, डावीकडून चढला, पानाची पिंक बाहेर टाकून नीट बसला.

"म्हटलं," तो म्हणाला, "गाडी चालू कर."