देव ध्यानात असताना

जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर या. तुम्ही गोठ्यात गवतावर उताणे पडला आहात. उजव्या पायावर देवदाराची तुळई आडवी पडली आहे. अर्धं छप्पर खाली आलंय, अर्धं अजून वर लटकतंय, आणि त्यातून पाणी थेंबाथेंबानं नेमकं तुमच्या मानेवर पडतंय. गाव नाल्यापलीकडे, हाकेच्या अंतरावर आहे. आणि हाक मारायची नाही.

लुदरचंद पुजारी असेच पडले होते. पाय ओढून पाहण्याआधी त्यांनी शालीचं टोक दातांत धरलं. कळ डोक्यापर्यंत गेली, पण आवाज शालीतच राहिला. पाय काही सुटला नाही.

शेजारी गाय उभी होती. तिच्या गळ्यातल्या घंटेत त्यांनीच संक्रांतीच्या आदल्या दिवशी लोकर कोंबली होती. संक्रांतीला या पहाडी गावचे देव ध्यानाला स्वर्गात जातात, ते बेचाळीस दिवसांनी परततात. तोवर देवळाचं दार बंद. गावात ढोल वाजत नाही, कुऱ्हाड चालत नाही, कुणी मोठ्यानं बोलत नाही. पुजाऱ्यांनी तर आपला मोबाईलसुद्धा बंद करून पेटीत टाकला होता. आज सव्विसावा दिवस.

छप्पर पडलं त्याचा दोष कुणाला द्यायचा? एरवी या दिवसांत बर्फ पिठासारखा कोरडा असतो. लाकडी फावड्यानं सारला की आवाज न करता घरंगळतो. यंदा थंडी कुठं हरवली कोण जाणे. दोन दिवस बर्फ पडला आणि त्यावर पाऊस लागला. आता हिमवर्षाव फक्त वरच्या डोंगरांवर, खाली गावात नुसती रिपरिप. छपरांवरचा बर्फ भिजलेल्या गोधडीसारखा जड झाला. तो काढायचा तर ठोकून फोडावा लागणार, धबाधब खाली पडणार. पुजाऱ्यांनीच घरोघर सांगितलं होतं, "राहू द्या. आपोआप वितळेल."

कोसळल्याचा आवाज गावानं ऐकलाही असेल. पण सकाळपासून वरच्या कड्यांवरून बर्फ गडगडत होता. बर्फाचा आणखी एक कडा पडला, असंच वाटलं असणार.

खालच्या वाटेवर चिखलात पावलं वाजली. दोघं जण होते. आवाज दबके, पण ओळखीचे.

"हळू चाल रे टिकमू, नाल्याला पाणी बघ किती आलंय. पुलाचे ओंडके हलायला लागलेत."

"देव वर जाताना थंडीपण घेऊन गेले बघ, सोबलादादा. थंडीशिवाय सफरचंदाला यंदा काय फळ धरणार, कपाळ!"

"हळू बोल. पुजारीबुवांनी ऐकलं तर?"

"ऐकू दे की. काल मला शिंक आली, तर असे बघत होते, जसा मी देवाच्या कानातच शिंकलो!"

दोघं तोंडावर हात धरून हसले असावेत. पुजाऱ्यांनाही हसू आलं, आणि त्यातच पाय ठणकला.

"टिकमू," त्यांनी हाक मारली. म्हणजे ओठ हलवले, इतकंच. छपरावरच्या पावसानं ती हाक तिथल्या तिथं पुसली. थोडा जोर लावला असता तर पोचली असती. त्यांनी छातीत श्वास भरला. मग हळूहळू सोडून दिला. पावलं पुलावरून पलीकडे गेली. थोड्या वेळानं ओंडके एकमेकांवर आपटत वाहून गेल्याचा आवाज आला.

बोटं बधिर झाली होती. गायीच्या अंगाची ऊब होती म्हणून बरं. वर लटकणारी दुसरी तुळई अधूनमधून कण्हत होती. पाऊस थांबत नव्हता. पाण्याचं वजन वाढत होतं.

"दादू?"

दारात जमना उभी होती. त्यांची नात, नऊ वर्षांची. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात दुपारच्या जेवणाचा डबा.

"पूल गेला. मी वरच्या बागेतून आले, नाला अरुंद आहे तिथून, पार वळसा घालून. केवढा वेळ लागला! आणि तुम्ही इथं झोपलाय..." ती पुढे आली, आणि तिचं बोलणं तिथंच थांबलं.

पुजाऱ्यांनी ओठांवर बोट ठेवलं. जमनानं मान हलवली. तिनं डबा खाली ठेवला, तुळईला दोन्ही हात लावले, मग खांदा लावला. तुळई जागची हलली नाही.

"तुझ्यानं नाही व्हायचं, बाळा. आल्या वाटेनं घरी जा. बापाला सांग चौघांना घेऊन ये, नाल्यावर शिडी टाका. हळू सांग."

"तोवर?"

"तोवर मी आहे इथंच. कुठं जातोय?"

वरची तुळई कडकडली. छपरावरच्या पाटीदगडाचे मूठभर तुकडे गवतात पडले. गाय मागं सरली. जमनानं वर पाहिलं, मग नाल्याकडे, मग वरच्या बागेकडे. तिला अजून दम लागलेला होता.

"दादू, ते छप्पर तोवर राहणार नाही."

पुजाऱ्यांनी लटकत्या तुळईकडे पाहिलं.

"शांतता मोडली तर देव कुणावर रागावतात? सगळ्या गावावर?"

"ज्यानं मोडली त्याच्यावर."

"लहान असलं तरी?"

त्यांना खोटं सांगता आलं असतं. पण गावातल्या सगळ्या पोरांना त्यांनीच हे शिकवलं होतं, आणि या पोरीला सगळ्यांत आधी.

"ते मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "लहानानं कधी मोडली नाही अजून."

जमनानं दाराबाहेर, गावाकडे पाहिलं. ते पाहून पुजाऱ्यांनी डोळे मिटले. पोरीच्या माथी हे नको. साठ वर्षं शांतता सांभाळली तेवढी पुरे. त्यांनी कोपरावर जोर दिला, मान उचलली आणि हाक मारायला तोंड उघडलं.

एक छोटासा, थंडगार, चिखलानं माखलेला तळवा त्यांच्या तोंडावर बसला.

"तुम्ही नाही," जमना कुजबुजली. "तुम्हाला देऊळ उघडायचंय. ज्यानं आवाज केला, त्याच्या हातून दार उघडत नाही. तुम्हीच सांगितलंत."

त्यांनी तिचा हात धरायचा प्रयत्न केला, पण बोटं मिटेनात. ती उठली. दारातून बाहेर गेली, गोठ्यासमोरच्या दगडी बांधावर चढली आणि गावाकडे तोंड करून उभी राहिली. पावसात तिची वेणी पाठीला चिकटली होती. वर डोंगरांवर पांढरंशुभ्र, खाली सगळं करडं, आणि कुठंही माणसाचा आवाज नाही.

पुजाऱ्यांना वाटलं, ती बापाला हाक मारील. तिनं आधी आभाळाकडे पाहिलं.

"मी जमना!" ती ओरडली. "लुदरचंद पुजाऱ्यांची नात, जमना! ओरडतेय ती मीच आहे, दुसरं कुणी नाही!"

मग तिनं नव्यानं श्वास भरला, आणि बापाला हाक मारली.