नऊ गाण्यांतला खर्ज्या

बेस गिटार वाजवणाऱ्याला कुणी हिंग लावून विचारत नाही, हे खर्ज्याला बावीस वर्षांत पुरतं कळलं होतं. लोक गाणाऱ्याकडे बघतात, ड्रमवाला निदान घाम तरी गाळतो. कोपऱ्यात जाड तारांची गिटार घेऊन उभा असलेला इसम लाइट लावायला आलाय, असंच पुष्कळांना वाटायचं. दिवसा तो लिफ्ट दुरुस्त करायचा. तिथेही तीच गत. लिफ्ट चालते तोवर दुरुस्तीवाल्याची आठवण कुणाला येते?

म्हणून बँडचा पहिला अल्बम स्टुडिओत करायचं ठरलं तेव्हा त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. बँड मावसभावाचा. गाणी, गळा, मुख्य गिटार, सगळं त्याचंच. ब्लूज-रॉकची नऊ गाणी, नाव ‘ओली काडी’. खर्ज्याने बायकोला सांगून टाकलं, "कार्यक्रमात गोंगाट असतो. रेकॉर्डमध्ये बघ, मी स्वच्छ ऐकू येईन." ती दाताच्या दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर बसायची. लग्नापासून तिने त्याचे चिक्कार कार्यक्रम पाहिले होते आणि त्यातलं नेमकं त्याचं काय, हे तिला कधीच उमगलं नव्हतं. ते एकदा तिला कळावं, एवढंच त्याला हवं होतं. फार नव्हतं ते.

स्टुडिओ एका गोदामाच्या माळ्यावर होता. खर्ज्याने पाच वर्षं जुन्या तारा तशाच ठेवल्या, त्यांच्याखाली स्पंजचा तुकडा खोचला आणि अंगठ्याने वाजवलं. आवाज इतका खोल, की खुर्चीतून पाठीत चढावा. सगळ्यांनी माना डोलावल्या. रेकॉर्डिस्टबाई तेवढ्या खाकरल्या.

"माझ्या या मोठ्या स्पीकरवर झकास आहे. पण लोक फोनवर ऐकणार. इतका खालचा आवाज फोनमधून निघतच नाही. थोडी धार देऊ का? टणटणीत होईल, पण ऐकू येईल."

खर्ज्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "टणटणीत करायला तो काय पत्र्याचा डबा आहे? ज्याला ऐकायचंय तो नीट ऐकेल."

"अरे, ऐक ना त्यांचं," मावसभाऊ म्हणाला.

नाही म्हणजे नाही. बावीस वर्षांत गड्याने एकच हट्ट केला, आणि तोही नेमका हा!

अल्बम आला त्या दिवशी बायकोने स्वयंपाकघरात फोन बरणीला टेकवून ठेवला आणि हातातलं काम सोडून नऊच्या नऊ गाणी ऐकली. "छान आहे," ती म्हणाली. मग जरा थांबून, "तुम्ही कुठल्या गाण्यात आहात?"

"सगळ्यात."

तिने फोन कानाला लावून पहिलं गाणं पुन्हा ऐकलं. मग ड्रॉवरमधले स्वस्तातले इअरफोन काढले. "हे घुमतंय ते का?"

"तो ड्रम."

ती मनापासून प्रयत्न करत होती. तेच त्याला बघवेना.

आठवड्याभरात एका नावाजलेल्या समीक्षकाने फोनवरच ऐकून अल्बम डोक्यावर घेतला. ‘बेसला रजा देण्याचं धाडस या बँडने केलं आहे,’ त्याने लिहिलं. ‘पायाखाली जमीन नसल्यासारखी ही गाणी लोंबकळत राहतात. हेच त्यांचं बळ.’ मग काय, जो तो तेच बोलू लागला. लिफ्टच्या टपावर बसून ग्रीस लावताना खर्ज्याने रेडिओवर मावसभावाची मुलाखत ऐकली. या धाडसाबद्दल विचारल्यावर तो क्षणभर अडखळला आणि म्हणाला, "हो, विचार करूनच केलं ते."

दोन दिवसांनी मावसभाऊ घरी आला. चहाच्या कपाकडे बघत म्हणाला, "दहा कार्यक्रम मिळालेत रे. पण आयोजकांना तसंच हवंय. अल्बममध्ये आहे तसं."

"अल्बममध्ये मी आहे."

"माहितीये मला. मला माहितीये ना."

खर्ज्याला भांडावंसं फार वाटलं. पण आपण नाही म्हणून ज्याची वाहवा चालली आहे, त्यात आपण होतो, हे कुणाला कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि रेकॉर्डिस्टबाईंनी बजावलं होतंच. त्याने बिस्किटांची बशी मावसभावापुढे सरकवली.

पहिल्या कार्यक्रमाचे दोन पास मावसभावाने पाठवले. न जाणं बरं दिसलं नसतं. रविवारी दुपारी दोघं तिसऱ्या रांगेत बसले. इथे सभागृहाचे मोठाले स्पीकर होते, फोन नव्हता. आता बेसविना पडलेलं भोक दिसेल, असं खर्ज्या मनात म्हणत होता. पहिलं गाणं झालं. दुसरं झालं. लोक जागच्या जागी डुलत होते. मावसभाऊ सुंदर गात होता. भोक कुठेच दिसेना.

तिसऱ्या गाण्याला खर्ज्याची बोटं गुडघ्यावर आपोआप चालू लागली. बायको कितीतरी वेळ त्या बोटांकडे बघत राहिली. मग वाकून कुजबुजली, "अहो, म्हणजे हे तुम्ही वाजवायचात?"

"हो."

तिने आपला तळहात त्याच्या बोटांखाली सरकवला. तो दोन ओळी तिच्या तळहातावर वाजवत राहिला. ती डोळे मिटून ऐकत होती. मग त्याने गाण्याच्या ऐन मध्यात बोटं काढून घेतली आणि कान देऊन ऐकलं. गाणं जराही अडखळलं नाही. ती तळहात उघडा ठेवून वाट बघत होती. त्याने हात खिशात घातले.