सहाशे चाळीस मीटर, विनापायरी

मी मोजणीचं चाक बोलतोय. गाडीचं नव्हे, माझ्यावर कुणी बसत नाही. एक लांब दांडा, त्याच्या टोकाला रबर चढवलेलं चाक आणि मुठीजवळ आकड्यांची डबी, एवढाच माझा पसारा. एक फेरी म्हणजे एक मीटर. जमिनीला टेकून फिरलो की आकडा पुढे सरकतो. मला उचललं की तो जागचा हलत नाही.

कारखान्यात मला एकाच फरशीवरून दहा वेळा फिरवलं आणि दहाही वेळा आकडा तोच आला, तेव्हा कुठे माझ्यावर शिक्का बसला. त्या शिक्क्याचा मला फार तोरा होता. टेबलाच्या खणातल्या मोजपट्टीशी मी कधी धड बोललोसुद्धा नाही.

रस्त्यांच्या कार्यालयात मी मोजणीकाकांच्या हाती पडलो. त्यांचा माझ्यावर भारी जीव. संध्याकाळी ओल्या फडक्यानं पुसायचे, महिन्यातून एकदा तेलाचा थेंब द्यायचे. वाटेत फुटपाथची कड आली, गटाराचं झाकण वर आलेलं दिसलं, की मला अलगद उचलून पलीकडे ठेवायचे. "दणके खाऊन बिघडशील बाबा," असं म्हणायचे. असे लाड कुणाला नको असतात?

मग स्टेशनचं काम निघालं. स्टेशनपासून मागच्या वस्तीपर्यंत असा रस्ता आखायचा होता, की चाकाची खुर्ची, बाबागाडी, काठीवाली माणसं, कुणालाच गाड्यांच्या रस्त्यावर उतरावं लागू नये. कार्यालयातल्या मॅडमनी तक्ता छापून दिला. त्यात तीन रकाने होते, अंतर, रुंदी आणि शेरा. काका मला घेऊन चार दिवस हिंडले. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी वरपासून खालपर्यंत 'ठीक' लिहिलं. तरण्या माणसालाही लाजवतील असे त्यांचे पाय. कड ओलांडली तर त्यांना ती कळायचीही नाही.

स्टेशनवर तिकीटखिडकीच्या ताई होत्या. लहानपणापासून त्या चाकाच्या खुर्चीवर. धाकटा भाऊ त्यांना रोज ढकलत आणायचा आणि न्यायचा. त्याला परगावी चांगली नोकरी मिळाली होती, पण ताईला एकटीला टाकून जायचं कसं, म्हणून त्याचं पाऊल उचलत नव्हतं.

"काका, हा रस्ता झाला की मला एकटीला येता येईल का हो? खरं सांगा. तुमच्या शब्दावर मी त्याला धाडणार आहे."

"डोळे झाकून या, ताई. सहाशे चाळीस मीटर, एकही पायरी नाही."

मी तिथंच खिडकीला टेकून उभा होतो. स्टेशनाजवळ, मालाचे टेंपो जातात-येतात त्या पार्सलच्या फाटकाशी चार बोटं उंच कड आहे, हे मला ठाऊक होतं. तिथं मी हवेत होतो. पण मला आकड्यांपलीकडे बोलता येत नाही, आणि आकडा तर बरोबर होता!

मॅडमनी नकाशा काढला, वस्तीपासून खांबाखांबावर 'विनापायरी रस्ता' अशा निळ्या पाट्या लागल्या. भाऊ परगावी गेला.

तो गेल्यावर पहिल्याच सकाळी काका मला घेऊन स्टेशनसमोर सायकलींची जागा मोजत होते. ताई समोरून येताना दिसल्या. नवा ड्रेस होता, चेहऱ्यावर हसू होतं. फाटकाशी त्यांची पुढची लहान चाकं कडेला अडली. त्यांनी जोर लावला. दोघातिघांना हाक मारली. एक म्हणाला, "आलोच हं," आणि गेला तो गेलाच. खिडकी उघडायची वेळ होत आली होती. ताईंनी खुर्ची मागे घेतली, फाटकाच्या उतारावरून रस्त्यावर उतरल्या, आणि पार्सलचा टेंपो उलटा, पाठ करून मागे येत होता.

"ताई!" काका ओरडले आणि मला टाकून धावले. मी आडवा पडून ते सगळं पाहिलं. पाहायला नको होतं.

ताईंचं मनगट मोडलं, कमरेचं हाडही. दुसऱ्या दिवशी काकांनी तोच रस्ता पुन्हा मोजला, या वेळी मला एकदाही न उचलता. मी सतरा ठिकाणी अडलो; सोळा कडा बोटभर, खुर्ची रेटून कशीबशी चढेल अशा, आणि फाटकाची चार बोटं. दर वेळी काका खाली वाकून उंची घ्यायचे आणि लिहायचे. तसेच, मला हातात घेऊन, ते इस्पितळात ताईंकडे गेले. भाऊ नोकरी सोडून परत आला होता. काकांना बघताच तो बाहेर निघून गेला.

"चूक माझी आहे, ताई. कड आली की मी चाक उचलायचो."

"का?"

"त्याला दणका बसू नये म्हणून."

ताईंनी प्लास्टरचा हात छातीवर ओढून घेतला. मग म्हणाल्या, "आणि माझ्या खुर्चीचं काय ठरवलं होतंत, काका?"

पुसलेल्या अंगाची मला तेव्हा पहिल्यांदा लाज वाटली.

नवा तक्ता त्यांनी मॅडमपुढे ठेवला. "काम पूर्ण झालं म्हणून वर कळवलंय हो," मॅडम हळूच म्हणाल्या. "आता सतरा पायऱ्या निघाल्या म्हणून कुठल्या तोंडानं सांगू?" तक्ता खणात गेला. पाट्या तशाच आहेत.

आता रोज सकाळी कार्यालयात जाण्याआधी काका त्या फाटकाशी उभे राहतात. मला बाजूला टेकवतात. काल एक आजोबा आजींची खुर्ची ढकलत आले.

"थांबा, पुढे कड आहे," काका म्हणाले.

"पाटीवर तर 'विनापायरी' लिहिलंय?"

"पाटी खोटी आहे. मीच मोजलंय." आणि त्यांनी खुर्चीला हात लावला.

महिनाअखेरीला काका निवृत्त होतील. मी कपाटामागे जाईन. तुम्ही त्या बाजूनं जाणारे असाल, तर सकाळी दोन मिनिटं पार्सलच्या फाटकाशी थांबा. कुणीतरी हाक मारेल. 'आलोच' म्हणून निघून जाऊ नका.