सहा बावन्नची पावती

बयाबाईंनी आयुष्यात पोलिसांना एकच कागद दिला, आणि तो आरोपीच्या कामी आला.

कागद म्हणजे डेअरीची पावती. त्यांची सून वृषाली सकाळी दूध घालून आली की पावती सासूच्या हातात द्यायची आणि बयाबाई ती दाराशेजारच्या तारेला खोचायच्या. वाचता येत नसलं तरी आकडे त्यांना कळायचे. पाच वर्षांमागं, माघातल्या एका पहाटे, शेजारच्या मळ्यातल्या रामनाथनं वृषालीला गोठ्यामागं गाठलं आणि तिच्यावर जबरदस्ती केली. त्यानंतर ती कॅन उचलून डेअरीत गेली. घरी आली, पावती दिली, कॅन विसळला आणि न्हाणीत शिरली ती दुपारपर्यंत बाहेर आली नाही. संध्याकाळी तिनं सासूला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात साहेबांनी विचारलं, त्या सकाळचं काही आहे का घरात? बयाबाईंनी तारेवरची पावती काढून दिली. सहा वाजून बावन्न मिनिटं, गाईचं दूध, साडेसात लिटर, फॅट चार पॉइंट एक.

खालच्या कोर्टात रामनाथच्या वकिलानं तीच पावती वर धरली.

"एवढं घडल्यावर तुम्ही दूध घालायला गेलात? रांगेत उभ्या राहिलात?"

"हो."

"का?"

"दूध नासलं असतं."

मागं कुणीतरी हसलं. कुठल्या बाकावरून, ते बयाबाईंना आजही सांगता येईल. जजनं मात्र वृषालीकडं बराच वेळ बघितलं, आणि निकालात रामनाथला दहा वर्षं दिली. रामनाथनं हायकोर्टात अपील केलं. बयाबाईंनी तारेला पावत्या खोचायचं बंद केलं. येईल ती पावती चुलीत जाऊ लागली.

अपिलाची तारीख लागल्याची नोटीस आली, तेव्हा वृषालीचा नवरा भरत म्हणाला, "दुधाचं मी बघतो, तुमी दोघी जावा." आळेफाट्याहून पहाटेची कल्याण गाडी मिळाली.

"ह्या टायमाला जरा रड," माळशेज उतरताना बयाबाई म्हणाल्या. "खाली तू दगडावानी उभी व्हतीस."

"लोकांपुढं रडू येत न्हाई, आत्या."

"कांदा आनलाय पिशवीत."

वृषालीनं पिशवीत हात घातला. खरंच होता.

"आन् दुधाचं बोलू नगंस. म्हनावं, मला कायबी सुधरत नव्हतं."

"सुधरत व्हतं की. गोठ्यापाशी तो व्हता. डेअरीत मानसं व्हती, बल्ब व्हता."

"मग हेच का न्हाई सांगितलंस?"

"त्यांनी 'का' इचारलं तवा पयलं दूधच आठवलं."

बयाबाईंनी कांदा पिशवीत खाली सारला. गाडी बोगद्यात शिरली.

मुंबईला हायकोर्टात हुदा वकील भेटली. जुन्नरच्या इस्माईल बांगडीवाल्याची नात. सरकारनं फुकट दिलेली वकील, तरी फायली वाचून आलेली.

"पिंजरा कुठंय?" बयाबाईंनी विचारलं.

"इथं पिंजरा नसतो, मावशी. साक्ष खाली झाली, ती लिहून ठेवलीय. इथं तेवढी वाचतात."

"हिला बघनार न्हाईत?"

"नाही. खालच्या जजनं बघितलं होतं. त्यांना ती खरी वाटली, याला इथं वजन असतं. पण लिहिलेल्यात खोट निघाली तर तेही उलटतं."

म्हणजे पावती सुनेच्या आधी इथं पोचलेली होती. बयाबाईंनी पिशवी मांडीवर घट्ट धरली.

रामनाथचा इथला वकील पाऊण तास इंग्रजीत बोलला. बयाबाईंना त्यातला एकच शब्द कळला, मिल्क. तो त्यांनी अकरा वेळा मोजला. मग न्यायमूर्तींनी चष्मा काढला आणि मराठीत विचारलं, "तिनं त्या दुधाचं काय करायला हवं होतं, असं तुमचं म्हणणं आहे?"

"माय लॉर्ड, तो मुद्दा नाही."

"प्रश्न तर तुमच्याच बाजूनं विचारलेला दिसतो. पान एक्याऐंशी."

वकील पान एक्याऐंशी शोधू लागला. हुदा सात मिनिटं बोलली. निकाल राखून ठेवला, म्हणाले.

कांदा परतीच्या गाडीत भाकरीबरोबर फोडला. तेव्हा वृषालीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते ओतूरपर्यंत थांबलं नाही. कांदा तसा जुना होता, फार तिखट नसावा. बयाबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

विसाव्या दिवशी सकाळी हुदाचा फोन आला. वृषाली नुकतीच डेअरीतून आली होती. तिनं फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला. हुदा निकाल वाचून मराठीत सांगत गेली. अशा वेळी बाईनं अमुकच वागावं, असं माप कुठं नसतं. दूध घातलं म्हणून तिचं म्हणणं खोटं पडत नाही. शिकवून आणलेल्या साक्षीदारानं याहून बरं उत्तर दिलं असतं. कॅन कुठल्या हातात होता, असल्या बारक्या गोष्टींत फरक आहे, पण मूळ हकिगत पहिल्यापासून एकच आहे. खालच्या कोर्टानं तिला समोर पाहिलंय, त्यांचं मत बदलायला कारण नाही. एकटीची साक्ष पुरेशी आहे. शिक्षा कायम.

फोन बंद झाला.

"म्हंजी दूध नासलं असतं, हे पटलं त्यास्नी," बयाबाई म्हणाल्या.

"व्हय."

"हे तर आपन आधीच सांगितलं व्हतं."

"व्हय."

बयाबाईंनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग पुढं सारलं.

"ती पावती मी पुरावा म्हनून दिली न्हवती," त्या चुलीकडं बघूनच म्हणाल्या. "मलाच वाटलं व्हतं, आसं झालेली बाई रांगंत उभी ऱ्हाईल व्हय? म्हनलं, सायबानंच बघावं, खरं का खोटं."

"म्हाईत हाय."

"कवापास्नं?"

"तवापास्नंच. दोन दिस तुमी माझ्या हातचा चहा घेतला न्हाई."

चुलीवरचा चहा उतू जायला आला होता. वृषालीनं फुंकर मारली, पातेलं खाली घेतलं आणि दोन कपांत चहा गाळला. बयाबाईंनी आपला कप दोन्ही हातांनी घेतला. अर्धा संपल्यावर त्यांनी हात पुढं केला.

"आजची पावती कुठंय?"

"फॅट कमी लागलंय. तीन नऊ."

"लागंना का. दे इकडं."

तार गंजली होती. पावती एका दमात आत जाईना. बयाबाईंनी अंगठ्यानं दाबून ती खोचली.